पागेतला साज आणि कपाटातलं रेशीम

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी कोल्हापूरची, राजारामपुरीत राहते. वय ४३, बँकेत नोकरी. मिस्टर शिक्षक आहेत, मुलगी अकरावीला, सासूबाई आमच्याजवळच असतात. सात वर्षांपूर्वी लंडनच्या मामेबहिणीनं मला हर्मेस या फ्रेंच कंपनीचा एक जुना रेशमी स्कार्फ दिला. त्यावर घोड्याच्या लगामांचं चित्र होतं. तो हातात घेतला आणि मी त्यात अडकलेच. आज माझ्याकडे असे ११ आहेत: आठ हर्मेसचे, दोन गुच्चीचे आणि एक फेरागामोचा, या दोन्ही इटलीच्या कंपन्या. त्यांच्यावर बग्ग्या आहेत, मुकुट आहेत, राजचिन्हं आहेत, पण सगळ्यात जास्त आहे तो घोड्यांचा साज. बहुतेक वापरलेले, बहिणीच्या हस्ते घेतलेले, एकेक पंधरा ते पंचवीस हजारांना. मिस्टरांना मी 'दोन-तीन हजारांचे' असं सांगितलंय. ते खोटं आता घशात अडकलंय.

सासूबाई म्हणतात, 'डोक्याला बांधायच्या फडक्याला एवढा जीव?' त्यांनाही खरी किंमत माहीत नाही. मैत्रीण म्हणते, आपल्या गावात छत्रपतींची गादी असताना तुला परक्यांचे मुकुट कशाला हवेत? आमच्याकडे काही उणं नव्हतं हो, माझे आजोबा संस्थानच्या काळात घोड्यांचे साज शिवायचे, दुरुस्त करायचे, त्यांची चामड्याला भोक पाडायची आरी अजून माहेरी कोनाड्यात आहे, मुठीवर कसल्याशा खुणा कोरलेल्या. तर मला काही राजेशाहीचं अप्रूप नाही. तरी मैत्रिणीचं बोलणं लागतं. गेल्या पावसाळ्यात दोन स्कार्फवर पिवळे डाग पडले, तेव्हा मी रडले. मी एकही कधी बाहेर वापरलेला नाही.

आता एक विक्रेता हर्मेसच्या 'ब्रीद द गाला' या चित्राच्या स्कार्फचा '१९५७ चा अस्सल, दुर्मिळ' नमुना २८ हजारांना देतोय. मुलीच्या क्लाससाठी लावलेली आवर्ती ठेव मोडली तर जमेल. दोन दिवसांत कळवायचंय. काय करू?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुम्हाला दोन दिवसांत उत्तर द्यायचंय, म्हणून त्याबद्दलच आधी सांगते. ठेव मोडू नका. विक्रेत्याला आजच नाही म्हणा.

कारण नुसतं पैशाचं नाही. 'ब्रीद द गाला' म्हणजे समारंभाचे लगाम. ह्यूगो ग्रिग्कार यांनी १९५७ मध्ये काढलेलं हे चित्र: समोरासमोर मांडलेल्या दोन शाही लगामांच्या म्होरक्या, पट्ट्या, बकलं, कड्या, सगळं इतकं नेमकं की चामड्याचा वास यावा. हर्मेसच्या सगळ्यात लोकप्रिय चित्रांपैकी हे एक, आणि म्हणूनच कंपनीनं ते पुन्हा पुन्हा, नवनव्या रंगांत छापलं. चित्राचं साल १९५७ असलं म्हणजे हातातला स्कार्फ १९५७ चा ठरत नाही. तो कालपरवाचा छापील असू शकतो, किंवा हर्मेसचा नसूही शकतो. 'अस्सल' आणि 'दुर्मिळ' हे दोन शब्द एका दमात उच्चारून वर दोन दिवसांची मुदत घालणारा माणूस तुमच्या घाईवर धंदा करतोय. बँकेत तुम्ही रोज लोकांना अशा घाईपासून सावध करत असाल.

त्याच्याकडून काहीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. पुढे कधी असा नमुना समोर आला तर काय बघायचं ते सांगते, कारण आतापर्यंत तुमच्यासाठी हे तुमची बहीण करत आली आहे.

पहिली कड बघा. या चौकोनी स्कार्फला फ्रेंचमध्ये 'कॅरे' म्हणतात, म्हणजे चौकोन. त्याची कड हातानं गुंडाळून हातानंच शिवलेली असते. एका स्कार्फच्या चार बाजू गुंडाळायला जाणकार हाताला अर्धा-पाऊण तास लागतो. ही कड फुगीर, गोलसर असते, टाके जवळजवळ सारखे पण मशीनसारखे एकसुरी नसतात, आणि हर्मेसची कड छापील, म्हणजे पुढच्या बाजूकडे वळवलेली असते. इस्त्रीखाली चपटी झालेली कड म्हणजे कोणीतरी निष्काळजीपणे दाबलेला माल. खरा असला तरी त्याची किंमत उतरते. मग छपाई बघा. हर्मेसमध्ये दर रंगाला छपाईच्या जाळीची वेगळी चौकट असते आणि एकेक रंग एकामागून एक छापला जातो. गुंतागुंतीच्या चित्रांना चाळीसच्या वर रंग लागतात. इतक्या चौकटी एकावर एक बसवूनही रेषा सरकलेली दिसत नाही. बकलाची बारीक कडा फुटकी दिसली, एका रंगाची सावली दुसऱ्याच्या बाहेर आली, की थांबा. चित्रात कंपनीचं नाव कुठेतरी असतं, बऱ्याच चित्रांत चित्रकाराची सहीही असते. नेहमीचा ९० सेंटिमीटरचा ट्विल, म्हणजे तिरक्या विणीच्या, रेशमाचा कॅरे साधारण ६० ते ७० ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघता येतं. आणि १९५७ चा म्हणून सांगितलेल्या कापडाला आजच्या पद्धतीचं धुण्याच्या सूचनांचं लेबल असेल, तर त्याच्या सालाबद्दल बोलणंच खुंटलं. विक्रेत्याकडे चारही कोपऱ्यांचे, मागच्या बाजूचे आणि कडेचे जवळून काढलेले फोटो मागा. जो देणार नाही त्याच्याकडून घेऊ नये.

दोरा जाळून रेशीम ओळखायची पद्धत आपल्याकडे साडीवाले सांगतात. केस जळल्यासारखा वास येतो, खरं आहे. पण त्यावरून फक्त रेशीम कळतं, घराणं कळत नाही. आणि गुंडाळलेल्या कडेतला दोरा ओढून जाळायचा म्हणजे वस्तूच बिघडवायची.

एक गोष्ट मनातून काढून टाका: ही गुंतवणूक आहे, असं स्वतःलाही सांगू नका. काही मोजकी जुनी चित्रं महाग होतात, पण बहुतेक स्कार्फ दुकानाबाहेर आले की कमी किमतीलाच विकले जातात. तुम्ही ते आनंदासाठी घेता. आनंदासाठी खर्च करायला हरकत नाही, फक्त तो मुलीच्या ठेवीतून नको. यापुढे पगारातून दर महिन्याला एक ठराविक रक्कम वेगळ्या खात्यात टाका, मग ती कितीही लहान असो. त्यात जमेल तेव्हा पुढचा स्कार्फ. वर्षाला एक आला तरी तुमच्या संग्रहाला पुष्कळ झालं.

आता मिस्टरांचं.

तुम्ही लिहिलंय, खोटं घशात अडकलंय. मला वाटतं, पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तेच आहे. बाकी प्रश्न रेशमाचे आहेत, हा तुमच्या घराचा आहे. पैसे तुमच्या कमाईचे, घरखर्चात तुम्ही कमी पडू दिलं नसणार, हे मी धरून चालते. तरीही सात वर्षं चाललेलं खोटं आकड्याचं राहत नाही. उद्या बहिणीच्या तोंडून सहज निघालं, किंवा मुलीनं फोनवर किंमत शोधली, तर त्यांना वाईट वाटेल ते दीड-दोन लाखांचं नाही. 'हिला मला सांगावंसं वाटलं नाही' याचं.

एखाद्या रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, पलंगावर धुतलेली पांढरी चादर अंथरा आणि अकराही स्कार्फ त्यावर मांडा. मिस्टरांना बोलवा. आधी खरे आकडे सांगा, एकेकाचा, शेवटी बेरीज. मग माफी मागा, एकदाच आणि स्पष्ट. 'पण', 'कारण', 'तुम्हीच त्या वेळी' यातला एकही शब्द त्या वाक्याला चिकटू देऊ नका. त्यांना राग येईल, तर येऊ द्या. त्याच दिवशी त्यांना हा छंद समजावून सांगायला बसू नका. ते स्वतःहून एखादा स्कार्फ हातात घेऊन 'हे काय आहे?' असं विचारतील, तो दिवस वेगळा असेल. शिक्षक माणूस आहे, विचारल्याशिवाय राहणार नाही.

ते विचारतील तेव्हा तुमच्याकडे सांगायला काय आहे? इथे मी तुमच्या आजोबांकडे येते.

तुम्ही पत्रात आजोबांचं वाक्य मैत्रिणीच्या टोमण्याच्या आणि पावसाळ्यातल्या डागांच्या मधे टाकलंत, आणि तेही 'आमच्याकडे काही उणं नव्हतं' हे सांगायला. मी तिथेच थांबले. घोड्यांचे साज शिवणाऱ्याची नात तुम्ही. अकरांपैकी सर्वांत जास्त स्कार्फ कशाचे, हे तुम्हीच लिहिलंय: घोड्यांच्या साजाचे. आणि तुम्ही म्हणता, राजेशाहीचं अप्रूप नाही. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. तुमचं मन मुकुटावर नाहीच, ते बकलावर आहे.

हर्मेस हे घर सुरू झालं ते कशातून, हे तुम्हाला ठाऊक असेल, पण आजोबांच्या आरीशेजारी ठेवून ते पुन्हा बघा. थिएरी हर्मेस यांनी १८३७ मध्ये पॅरिसमध्ये काम सुरू केलं ते घोड्यांचे साज बनवण्याचं. रेशीम नव्हतं, हातातल्या पर्सा नव्हत्या. बग्गीला जुंपायच्या पट्ट्या, म्होरक्या, लगाम, आणि पुढे खोगीर. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर हा माणूस पॅरिसमधला जीनगर. त्या कामाची शिवण ठरलेली: आरीनं चामड्याला भोक पाडायचं, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून ओढून घ्यायचं. एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. घोडा उधळला तेव्हा माणसाचा जीव त्या टाक्यांवर असतो, म्हणून ती शिवण अशी. आजोबांची आरी याच कामाची. ते काम करत होते ते इथल्या घोड्यांसाठी, ज्या गावात शाहू महाराज खडखड्यातून फिरत त्या गावात. खडखडा म्हणजे घोड्यांना जुंपायची सवय लावायची उघडी गाडी. राजानं तिच्यात बसावं, लगाम स्वतःच्या हातात घ्यावेत, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलावं, हे कोल्हापूरच्या घराघरांत सांगितलं जातं. साज शिवणाऱ्यांच्या घरात तर जास्तच सांगितलं जात असणार.

नंतर मोटारी आल्या. पॅरिसमध्येही आल्या, कोल्हापुरातही. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि पागेचं काम करणाऱ्या हातांना दुसरं काही शोधावं लागलं. पॅरिसच्या त्या घरानं चामड्याचं कसब पिशव्यांकडे वळवलं आणि घोड्याला रेशमावर आणलं. १९३७ मध्ये त्यांचा पहिला कॅरे आला, रोबेर द्युमा यांच्या कल्पनेतला. त्यावर घोड्यांनी ओढायच्या ऑम्निबस, म्हणजे उतारूंच्या गाड्या होत्या, जुन्या पटावरच्या खेळासारखी मांडणी. द्युमा यांचे सासरे एमिल हर्मेस हे स्वतः मोठे संग्राहक. घोडा, प्रवास, बग्ग्या यांच्याशी नातं असलेल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या, आणि चित्रकार पिढ्यान् पिढ्या त्या वस्तूंसमोर बसून कॅरेसाठी चित्रं काढत आले. म्हणजे तुमच्या पलंगावरची ही कापडं एका जुन्या संग्रहातून निघाली आहेत. कुणीतरी जुने लगाम टाकून दिले नाहीत, म्हणून ग्रिग्कारना ते काढता आले.

तुमच्या घरीही एकानं आरी टाकून दिली नाही.

मैत्रिणीला काय सांगायचं, ते यातून तुमचं तुम्हाला सुचेल. मी एवढंच म्हणेन की परक्यांचे मुकुट आणि आपली गादी अशी तुलना करायची गरजच नाही. घोड्याचा साज कुणा एका राजाचा नसतो, तो शिवणाऱ्याचा असतो. कावळा नाक्यावर ताराराणींचा घोडा पुढचे दोन पाय उचलून उभा आहे, त्याच्यासमोरून तुम्ही कितीदा गेला असाल. पुढच्या वेळी थांबा आणि घोड्याच्या तोंडापासून महाराणींच्या हातापर्यंत लगाम कसा गेलाय ते बघा. न्यू पॅलेसच्या संग्रहालयातही मिस्टरांना आणि मुलीला घेऊन जा. कितीदा पाहिलेलं असलं तरी या नजरेनं पाहिलेलं नसेल.

मैत्रिणीच्या बोलण्यात एक खरा मुद्दा मात्र आहे, तो मी सोडणार नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला आल्या, आणि इथल्या कारागिराचं नाव कुठेच नव्हतं, तेव्हा आपण सगळे संतापलो. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळूनही आपल्या चपला शिवणाऱ्याला काय मिळतं, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. तुम्ही हातानं शिवलेल्या कडेसाठी वीस हजार देता. तसंच हातानं शिवलेली चप्पल घेताना घासाघीस करू नका. शक्य असेल तर दुकानाऐवजी थेट कारागिराकडे जा, त्यांचं नाव विचारा, आणि ते संग्रहाच्या वहीत लिहा. पट्ट्यांवरची वेणी, पायतळाचे थर, शिवण, तुमच्या नजरेला ते इतरांपेक्षा जास्त दिसेल.

वही म्हणाले, तर ती आजच सुरू करा. दोनशे पानी साधी वही पुरे. प्रत्येक स्कार्फला दोन पानं. चित्राचं नाव, चित्रकार, चित्राचं साल आणि तुमच्या प्रतीचा अंदाजे काळ (हे दोन वेगळे रकाने, 'ब्रीद द गाला'मुळे कळलंच), कुठून आला, किती दिले, कुठे डाग, कुठे धागा निघालेला. आणि चित्रात कोणती वस्तू आहे तिचं मराठी नाव. हे मी मुद्दाम सांगतेय. लगाम, म्होरकी, रिकीब, खोगीर, जीन, तंग, तोबरा: घोडे गेले तसे हे शब्दही चाललेत. माहेरच्या वडीलधाऱ्यांना आजोबांच्या तोंडचे आणखी आठवत असतील, ते विचारून घ्या. फ्रेंच चित्राखाली कोल्हापूरच्या पागेतला शब्द लिहिलेला संग्रह तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

तुमच्या दोन गुच्चीतला एक फुलांचा असेल तर तो यात कसा बसतो, असा प्रश्न पडेल. बसतो. त्यांचं 'फ्लोरा' हे चित्र १९६६ मध्ये मोनॅकोच्या राजकुमारी ग्रेस यांना भेट द्यायला व्हित्तोरिओ आक्कोर्नेरो यांच्याकडून काढून घेतलं होतं. घोडा नसला तरी राजघराण्याचा धागा आहे. पण पुढची खरेदी साजाचीच असू द्या. संग्रह अरुंद झाला की खोल जातो.

आता डाग, आणि कोल्हापूरचा पाऊस.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडच्या भिंतीसुद्धा ओल्या लागतात, तिथे रेशमाचं काय. स्कार्फ त्याच्या नारिंगी खोक्यात ठेवत असाल तर काढा. खोकं जपायचं असेल तर रिकामं जपा. पुठ्ठा ओल धरतो. प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच, आतली दमट हवा आतच राहते आणि पिवळेपणा तिथूनच सुरू होतो. धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवा, लाकडाला थेट लागू देऊ नका. कपाटात कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदला. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडापासून लांब, पुरचुंडीत. रेशमाला त्या टेकल्या की डाग पडतो आणि वासही जात नाही. कसर लागू नये म्हणून गोळ्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की स्कार्फ घामाचा, पावडरचा, जेवणाचा कण अंगावर घेऊन कपाटात जाऊ नये. किडा त्या कणावर येतो.

पिवळ्या डागांना घरी काही लावू नका. लिंबू, सोडा, शाम्पू, रिठा, काहीही नाही. या छपाईतले गडद रंग पाण्यात फुटून शेजारच्या पांढऱ्यावर गेले की तो स्कार्फ गेलाच. रेशमाच्या साड्या ज्यांच्याकडे विश्वासानं देता त्या ड्रायक्लीनरकडे जा, डाग कधी दिसला ते सांगा, कड दाबू नका असं दोनदा सांगा. जुना डाग पूर्ण जाईलच असं नाही. न गेला तर स्कार्फ तिरका घडी घालून बांधा, डाग आतल्या घडीत राहतो. तो फेकण्याजोगा किंवा विकून टाकण्याजोगा झाला असं समजू नका.

भिंतीवर लावायचा विचार असेल तर एकच लावा, ऊन न येणाऱ्या भिंतीवर, गोंद न लावता कापडाच्या पाठीवर हलक्या टाक्यांनी, काच स्कार्फला टेकणार नाही अशी. संग्रहालयात नाजूक कापडांवर ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत, म्हणजे जवळजवळ अंधूक खोली. तुमच्या हॉलमधल्या खिडकीसमोर तो काही वर्षांत फिका होईल.

घडीबद्दल मात्र माझ्याऐवजी तुमच्या सासूबाई चांगलं सांगतील. माझ्या आईचा शालू वीस वर्षं एकाच घडीत राहिला, आणि मी तो उलगडला तेव्हा घडीच्या रेषेवर फाटला. आई तेव्हा नव्हती. तिनं मला बारा वेळा सांगितलं होतं की दर दसऱ्याला घडी मोड आणि उलटी घाल, आणि मी ऐकलं नव्हतं. अजून तो शालू हातात घेतला की पोटात कालवतं. तुमच्या सासूबाईंच्या कपाटात एखादा शालू किंवा पैठणी असेलच, आणि ती त्यांनी इतकी वर्षं कशी सांभाळली हे त्यांना पाठ असेल. 'फडकं' म्हणणाऱ्या बाईच्या हातात एक स्कार्फ द्या आणि विचारा, 'आई, हे रेशीम पावसात कसं ठेवायचं?' त्यांनी तो चिमटीत धरून वजन पाहिलं, कड बोटांनी चाचपली, की त्यांना कळेल. किंमत त्यांना सांगायची की नाही ते मिस्टरांशी बोलून ठरवा. पण मिस्टरांना कळल्यावर सासूबाईंपासून फार दिवस लपवू नका.

राहिलं ते वापरणं. सात वर्षांत एकदाही नाही, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. हे कापड विणताना, छापताना, शिवताना, करणाऱ्याच्या मनात मान होती, खांदा होता, वारा होता. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ दुसऱ्या घोड्यांच्या मैदानावर हनुवटीखाली गाठ मारून रेशमी स्कार्फ बांधायच्या, चिखलात, पावसात. जगातल्या सगळ्यात श्रीमंत बायकांपैकी एक ते रोजच्या कामाला वापरत होती. तुम्हाला कदाचित वाटत असेल, लोक मिरवते म्हणतील. कोल्हापुरात दुचाकीवरच्या प्रत्येक मुलीच्या तोंडाला स्कार्फ आहे, तुमच्याकडे कोण बघणार आहे? फक्त दुचाकीवर हा बांधू नका. धूळ, ऊन, हेल्मेटचा पट्टा, सगळंच त्याच्या मुळावर. बँकेत पोचल्यावर, साध्या एकरंगी कुर्त्यावर, गळ्याभोवती सैल घ्या. अत्तर आधी लावा, ते वाळू द्या, मग स्कार्फ. हिवाळ्यातल्या सकाळी तर तो खरंच ऊब देतो. पहिल्यांदा डाग पडलेल्यांपैकीच एक वापरा, भीती कमी वाटेल.

आणि यंदा दसऱ्याला सीमोल्लंघनाला दसरा चौकात जाल तेव्हा लगामांचाच घ्या, बहिणीनं दिलेला पहिला.

एक विनंती. माहेरी गेलात की कोनाड्यातली आरी उजेडात नेऊन मुठीवरच्या खुणा नीट बघा. खडू किंवा पिठाची चिमूट चोळून पुसली तर कोरलेलं स्पष्ट दिसतं. कारागीर आपल्या हत्याराच्या मुठीवर नाव, आडनावाचं अक्षर किंवा घराची खूण कोरून ठेवायचे, म्हणजे कारखान्यात दुसऱ्याच्या हत्यारात मिसळू नये. तुमच्या आजोबांनी काय कोरलंय ते मला लिहून कळवा, आणि वहीच्या पहिल्या पानावर तीच खूण काढा.

तुमची,
ताई